कादंबरीकारांनो, एकमेकांशी पत्रातून वाद घाला

कादंबरी लिहिणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी कादंबऱ्या वाचते, आणि कादंबरीकारांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं तितक्याच ओढीने वाचते. त्या वाचनातूनच हे पत्र आलं आहे. माझी मागणी एकच आहे. तुमच्याच क्षेत्रातल्या कुणाची कादंबरी वाचून झाली, की ती लिहिणाऱ्याला पत्र लिहा. अभिनंदनाचं नको, 'पुस्तक मिळालं, वाचतोय' अशी पोचही नको. कादंबरी तुमच्या मनात कशी उलगडली, कुठे पटली नाही, तुम्ही ती लिहीत असता तर कुठे वेगळं वळण घेतलं असतं, हे सांगणारं चार-सहा पानांचं पत्र हवं, आणि ते फक्त त्या एका माणसासाठी हवं. कागदावर लिहा किंवा ईमेलने पाठवा, माध्यमाबद्दल माझा हट्ट नाही. माझा आग्रह सावकाशपणाचा आणि असहमतीचा आहे.

आज तुम्ही एकमेकांच्या लेखनाबद्दल जे बोलता, ते जवळजवळ सगळं जाहीर असतं. मलपृष्ठावर चार ओळी, प्रकाशन समारंभात भाषण, पुरस्कार जाहीर झाला की शुभेच्छा. त्यात खोटेपणा असतो असं मी म्हणणार नाही. पण तिथे ऐकणारा तिसराच कुणी असतो, त्यामुळे खरं वाक्य बोलताच येत नाही. 'तिसऱ्या प्रकरणानंतर तुझ्या निवेदकावरचा माझा विश्वास उडाला' हे वाक्य व्यासपीठावरून म्हटलं तर तो अपमान होतो. मग ते पाठीमागे म्हटलं जातं. तिथे ते सगळ्यांना कळतं, आणि ज्याला त्याचा उपयोग झाला असता त्यालाच कळत नाही.

हे काम समीक्षकांनी किंवा संपादकांनी करावं, असं तुम्ही म्हणाल. ते करतातच, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण समीक्षक वाचकाशी बोलत असतो. संपादकासमोर छापायची तारीख असते. एखादं पात्र मधेच मारायचं की जगवायचं, या निर्णयाची किंमत आतून माहीत असते ती दुसऱ्या कादंबरीकाराला. त्याने स्वतः कधीतरी तो निर्णय घेतलेला असतो, किंवा टाळलेला असतो.

याची सगळ्यात चांगली साक्ष 1840 सालची आहे. बाल्झाक तेव्हा फ्रान्समधला गाजलेला कादंबरीकार होता. स्तांदाल वयाने त्याच्याहून मोठा, पण फारसा कुणी वाचत नसलेला. इटलीतल्या चिव्हिताव्हेक्किया या बंदरात तो फ्रान्सचा कॉन्सल म्हणून नोकरी करत होता. 'ला शार्त्रूज द पार्म' ही कादंबरी त्याने 1838 च्या अखेरीस दोन महिन्यांच्या आत लिहून काढली आणि पुढच्या वर्षी ती छापली गेली. बाल्झाकने ती वाचून आधी खासगी पत्र पाठवलं. मनापासून कौतुक केलं, आणि पार्मा या खऱ्या शहराचं नाव घालण्यात चूक झाली, असंही तिथेच सांगितलं. दीड वर्षाने त्याने स्वतःच्या नियतकालिकात या कादंबरीवर भलामोठा लेख लिहिला. एवढ्या उदारपणे एका कादंबरीकाराने दुसऱ्याबद्दल लिहिल्याची उदाहरणं फार थोडी असतील. पण त्या लेखातही तक्रारी होत्या. सुरुवातीचा मिलानचा भाग काढून थेट वॉटर्लूच्या लढाईपासून आरंभ करावा, शेवट आवरता घ्यावा, आणि भाषा अधिक घासूनपुसून घ्यावी.

स्तांदालला हा लेख वाचून काय वाटलं ते आपल्याला कळतं, कारण त्याने बाल्झाकला लिहायच्या उत्तराचे एकाहून अधिक खर्डे केले आणि ते टिकले. त्या खर्ड्यांमध्ये तो आभार मानतो, काही सूचना मान्य करतो, आणि भाषेचा विषय निघाला की ठाम उभा राहतो. कादंबरी लिहीत असताना सूर सापडावा म्हणून आपण रोज सकाळी दिवाणी कायद्याच्या संहितेची दोन-तीन पानं वाचत होतो, असं तो सांगतो. आपल्याला नियम एकच दिसतो, स्पष्ट असणं. ते जमलं नाही तर आपण उभं केलेलं जग कोसळतं. स्तांदालच्या गद्याबद्दल आजवर जे लिहिलं गेलं त्यात या दोन वाक्यांची आठवण पुन्हा पुन्हा निघते, आणि ती त्याने लिहिली याला कारण बाल्झाकचा आक्षेप. बाल्झाकचा सल्ला बरोबर होता का? मला वाटतं, नव्हता. मिलानच्या त्या पहिल्या पानांतला उत्साह नसता तर पुढची निराशा इतकी बोचली नसती. स्तांदालने दुरुस्त्या करायला घेतल्या होत्या, पण 1842 च्या मार्चमध्ये तो गेला, आणि आपण आजही 1839 चीच कादंबरी वाचतो. सल्ला चुकला, तरी आक्षेपाने आपलं काम केलं. आपण काय करतो आहोत हे लेखकाला शब्दांत मांडावं लागलं.

तुम्हाला पत्रं लिहायला सांगते आहे ती याचसाठी. समोरच्याची कादंबरी सुधारेलच असं नाही. पण तुमच्या आक्षेपाला उत्तर देताना त्याला स्वतःची बाजू सापडेल.

फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज सांद आणि गुस्ताव्ह फ्लोबेर यांचा पत्रव्यवहार 1863 पासून 1876 पर्यंत, सांदच्या मृत्यूपर्यंत चालला. सांद त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी. झरझर लिहिणारी, डझनावारी कादंबऱ्या नावावर असलेली, माणसाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवणारी. फ्लोबेर एकेका पानावर दिवसच्या दिवस अडणारा, माणसांवर चिडलेला, घराबाहेर न पडणारा. लेखनाच्या बाबतीत या दोघांचं एकाही मुद्द्यावर जमू नये, आणि तसंच झालं. 1866 च्या डिसेंबरमध्ये फ्लोबेरने तिला लिहिलं, की कादंबरीकाराला कशावरही मत द्यायचा अधिकार नाही, देवाने कधी आपलं मत सांगितलं आहे का? सांदचं उत्तर आलं, की आपण लिहितो त्यात आपलं हृदय काहीच घालायचं नाही, हे मला अजिबात समजत नाही. या साध्या 'समजत नाही'मुळे फ्लोबेरला पुन्हा लेखणी उचलावी लागली. आपण आपली व्यक्ती रंगमंचावर आणू नये, उलट स्वतः पात्रांमध्ये शिरावं, पात्रांना आपल्याकडे ओढू नये, असं त्याने उलगडून सांगितलं. कादंबरीकलेवर फ्लोबेरने वेगळा ग्रंथ लिहिला नाही. निवेदकाच्या तटस्थतेबद्दल आज जे शिकवलं जातं त्यातला केवढा तरी भाग त्याच्या पत्रांतून आला आहे.

वाद नऊ वर्षांनी पुन्हा पेटला. मधल्या काळात फ्लोबेरच्या 'लेद्युकासियाँ साँतिमाँताल' या कादंबरीला समीक्षकांनी झोडपलं होतं, आणि सांदने तिच्या बाजूने जाहीरपणे लिहिलं होतं. जगासमोर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि पत्रात मात्र तिने त्याला सोडलं नाही. 1875 च्या शेवटी तिने लिहिलं, की तू वाचकाला उदास करत जाणार, मी त्याचं सांत्वन करत जाणार. काही आठवड्यांनी ती अधिक नेमकं बोलली. ते पुस्तक लोकांना कळलं नाही, कारण त्या पात्रांबद्दल तुला काय वाटतं ते तू लपवलंस. एखादी छोटी प्रस्तावना, किंवा योग्य जागी दोषाचा एखादा शब्द एवढंही पुरलं असतं. फ्लोबेरने उत्तर दिलं, की पुस्तकातून निघायला हवा तो बोध वाचकाला काढता आला नाही, तर एक तर वाचक मूर्ख आहे किंवा पुस्तकात अचूकपणा नाही.

ही सगळी पत्रं ओळीने वाचली तर लक्षात येतं, की दोघांपैकी कुणीही हरलं नाही. पण 1876 च्या वसंत ऋतूत फ्लोबेर एका म्हाताऱ्या मोलकरणीची दीर्घकथा लिहीत होता, 'अँ कर सँप्ल'. मेच्या अखेरीस त्याने सांदला कळवलं, की या गोष्टीत तुम्हाला तुमचा थेट प्रभाव दिसेल, तुम्हाला वाटतो तितका मी हट्टी नाही. 8 जून 1876 रोजी सांद गेली. कथा अपुरीच होती. ती आपण केवळ तिच्यासाठी, तिला आवडावी म्हणून लिहायला घेतली होती, असं फ्लोबेरने पुढे तिच्या मुलाला कळवलं. आता ती कथा उघडून बघा. लेखकाचं मत त्यात कुठेही नाही. दोषाचा शब्द नाही, प्रस्तावना नाही. आणि तरीही त्या अडाणी बाईबद्दलची माया ओळीओळीत आहे. सांदने जे मागितलं होतं ते त्याने दिलं, स्वतःचा एकही नियम न मोडता. बारा-तेरा वर्षं कुणी आपल्या कामाशी इतक्या प्रेमाने असहमत होत राहिलं नसतं, तर हा माणूस या कथेपर्यंत पोहोचला असता का, याची मला शंका आहे.

तुमची जातकुळी वेगळी आहे म्हणून ज्याला पत्र लिहायला तुम्ही कचरता, त्यालाच आधी लिहा, ते यासाठी. आपल्यासारखंच लिहिणाऱ्याचं पत्र सुखावतं, पण ते फार काही विचारत नाही.

फ्लोबेरचा दुसरा पत्रमित्र रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह. तो अधिक सौम्य आणि जवळजवळ सगळं आवडणारा. पण 1874 मध्ये 'बुव्हार ए पेक्युशे' या योजलेल्या कादंबरीबद्दल त्याने सावध केलं. हा विषय झटपट, स्विफ्ट किंवा व्होल्तेअरच्या पद्धतीने उरकायचा आहे, तो लांबवू नकोस. फ्लोबेरने लगेच उत्तर पाठवलं. थोडक्यात लिहिलं तर ती एक चतुर गंमत होईल, तिला ना आवाका राहील ना विश्वासार्हता. तपशील भरत गेलो तर माझा स्वतःच्याच गोष्टीवर विश्वास असल्यासारखं दिसेल. सल्ला त्याने ऐकला नाही. 1880 मध्ये तो गेला तेव्हा कादंबरी अपुरीच राहिली होती, आणि तुर्गेनेव्हचं बरोबर होतं की काय यावर वाचक अजून वाद घालतात.

फ्लोबेर गेल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने हाच प्रश्न समुद्रापलीकडे, अमेरिकेत पुन्हा निघाला. 1937 च्या जुलैमध्ये स्कॉट फिट्झजेराल्डने टॉमस वुल्फला एक छोटं पत्र लिहिलं. फ्लोबेरसारखा मोठा लेखक काय गाळायचं ते जाणीवपूर्वक ठरवतो, तूही निवड करायला शीक, असा त्याचा मथितार्थ. वुल्फ हजारो पानं लिहिणारा माणूस, त्याने लांबलचक उत्तर पाठवलं. थोर लेखक फक्त गाळणारे नसतात, भरणारेही असतात. शेक्सपिअर, सर्व्हांतेस, दोस्तोयेव्हस्की हे भरणारेच होते. वुल्फ पुढच्याच वर्षी वारला. स्वतःच्या लेखनाचं इतकं स्वच्छ समर्थन त्याच्याकडून निघालं ते फिट्झजेराल्डच्या त्या छोट्या टोचणीमुळे. याच फिट्झजेराल्डने 1926 मध्ये हेमिंग्वेला त्याच्या पहिल्या मोठ्या कादंबरीची सुरुवात सैल आहे, असं अनेक पानी पत्रात बजावलं होतं, आणि हेमिंग्वेने ती सुरुवातीची पानं काढून टाकली होती. तीन वर्षांनी पुढच्या कादंबरीवर तसंच पत्र आलं, तेव्हा हेमिंग्वेने त्याच्या शेवटी शिवी लिहून ठेवली. असंही होतं. पत्र लिहिणाऱ्याने हे धरूनच चालावं.

हस्तलिखित असतानाच झालेल्या अशा वाचनाचा फायदा फ्लॅनरी ओ'कॉनरला मिळाला. पहिल्या कादंबरीच्या वेळी, 1951 मध्ये, कॅरोलिन गॉर्डन या ज्येष्ठ कादंबरीकर्तीने तिला फार लांब पत्र लिहिलं. त्यात मुख्यतः कारागिरीची बारीक चर्चा होती. निवेदकाची भाषा पात्रांच्या बोलीत घसरू देऊ नये, हा त्यातला एक मुद्दा. ओ'कॉनरने बऱ्याच दुरुस्त्या केल्या आणि पुढेही आपलं लेखन छापण्याआधी ती गॉर्डनकडे पाठवत राहिली. तुमच्यातल्या ज्येष्ठांना माझं विशेष सांगणं आहे. तुमच्याकडे येणारी सगळी हस्तलिखितं वाचणं शक्य नाही, हे मान्य. पण वर्षाकाठी एखाद्या नव्या माणसाला प्रस्तावनेऐवजी असं पत्र द्या. प्रस्तावना त्या पुस्तकाच्या कामी येईल, पत्र पुढच्या सगळ्या पुस्तकांच्या.

खासगी पत्र आणि जाहीर बोलणं यांतला फरक ज्यांना पटत नसेल त्यांनी हेन्री जेम्स आणि एच. जी. वेल्स यांच्याकडे पाहावं. वेल्सच्या नव्या कादंबऱ्या जेम्सकडे येत, आणि जेम्स त्याला कौतुकाने भरलेली, पण आक्षेप न लपवणारी पत्रं लिही. दुसऱ्याची कादंबरी वाचताना मी ती मनात पुन्हा माझ्या पद्धतीने लिहीत जातो, अशी कबुलीही तो देई. अशा स्पष्टपणात मैत्री वर्षानुवर्षं टिकली. मग 1914 मध्ये जेम्सने तरुण कादंबरीकारांवर जाहीर लेख लिहिला, त्यात वेल्सही होता. 1915 मध्ये वेल्सने एका पुस्तकात जेम्सची जाहीर टिंगल केली. त्यानंतर जी पत्रं गेली-आली ती अतिशय मोलाची आहेत. वेल्स म्हणतो, तुमच्यासाठी साहित्य चित्रकलेसारखं साध्य आहे, माझ्यासाठी ते वास्तुकलेसारखं साधन आहे. जेम्स म्हणतो, आयुष्याला अर्थ आणि महत्त्व देते ती कलाच. कादंबरी कशासाठी, या प्रश्नाची दोन टोकं इतक्या मोजक्या शब्दांत क्वचितच मांडली गेली असतील. पण तोवर मैत्री तुटली होती, आणि 1916 च्या फेब्रुवारीत जेम्स वारला. हीच पत्रं दोन वर्षं आधी, लेख आणि टिंगल यांच्या ऐवजी लिहिली गेली असती तर, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं.

मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णींची पत्रं माहीत आहेत. वाचलेल्या पुस्तकाशी किती मनःपूर्वक झटापट पत्रात करता येते, हे त्यांनी दाखवलं आहेच. कादंबरीकारांनी ती झटापट एकमेकांच्या पुस्तकांशी करावी, इतकंच माझं म्हणणं आहे.

लिहायला बसाल तेव्हाचं थोडं सांगते. कादंबरी दोनदा वाचा. पहिल्या वाचनात तुम्ही आपली स्वतःचीच कादंबरी वाचत असता, लेखकाची दुसऱ्या वाचनात दिसू लागते. पत्राच्या आरंभी या पुस्तकाला काय करायचं आहे असं तुम्हाला वाटतं ते लिहा. निम्मे वाद तिथेच उलगडतात, कारण लेखकाला भलतंच काही करायचं असतं. मग पानांचे आकडे द्या. 'मधला भाग संथ वाटला' यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. 'एकशे बाराव्या पानावर ती घर सोडते, त्याआधीच्या तीस पानांत ती सोडणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वाट पाहणं थांबवलं' यातून लागतं. आवडलेल्या जागाही तितक्याच नेमकेपणाने दाखवा, त्या बहुधा लेखकाला स्वतःला कळलेल्या नसतात. जेम्ससारखी कबुली द्या. 'हे मला खटकलं, कारण मी ते वेगळं लिहिलं असतं' असं स्वच्छ लिहिलं, की समोरच्याला तुमचा आक्षेप तोलून पाहता येतो. आणि हे पत्र आणखी कुणाला दाखवू नका. त्यातलं एक वाक्य जरी मेजवानीत ऐकवलंत, तरी पुढचं पत्र येणार नाही.

ज्यांना असं पत्र येईल त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. त्याच दिवशी उत्तर लिहू नका, पण उत्तर लिहा. जो मुद्दा सगळ्यात जास्त लागला असेल त्यालाच लिहा, बाकीचे राहिले तरी चालतील. 'विचार करते' एवढंच कळवून विषय मिटवू नका. स्तांदालने एका उत्तराचे अनेक खर्डे केले, फ्लोबेरने एकाच प्रश्नाचं उत्तर दहा वर्षं दिलं. तुमची पुढची कादंबरी त्या उत्तरात कुठेतरी सुरू झालेली असू शकते. वेळ नाही असं म्हणाल, तर फ्लोबेरइतक्या हळू लिहिणाऱ्या माणसाकडेही तो होता.

आणि पत्रं सांभाळा. 1851 च्या नोव्हेंबरमध्ये 'मोबी डिक' छापून झाली. हर्मन मेलव्हिलने ती नथॅनिएल हॉथॉर्नला अर्पण केली होती. हॉथॉर्नने ती वाचून मेलव्हिलला पत्र लिहिलं. मेलव्हिलचं उत्तर आज उपलब्ध आहे, आपलं पुस्तक कुणाला तरी कळलं याचा विलक्षण आनंद त्यात आहे. पण हॉथॉर्नचं मूळ पत्र हरवलं. त्या कादंबरीचा पहिला मोठा वाचक तिच्याबद्दल नेमकं काय म्हणाला, हे आता कधीच कळणार नाही. तुमची पत्रं बहुतेक ईमेलमध्ये असतील, म्हणजे एक पासवर्ड हरवला की गेली. म्हणून पाठवलेल्या आणि आलेल्या पत्रांची छापील प्रत काढून ठेवा. ती कधी उघडी करायची, की कधीच नाही, हे दोघांनी हयातीतच ठरवा आणि लिहून ठेवा. दोघांपैकी एकाचा जरी नकार असला तरी तो पाळला जावा. होकार असेल, तर ती कुठल्या ग्रंथालयाकडे द्यायची ते घरच्यांना सांगून ठेवा.

आपली,
एक वाचक